नळ गळतोय, आता पैसे कोणाचे? भाड्याचं घर आणि डागडुजीची वाटणी

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाची ही लेखी आवृत्ती. बोलतानाचे "म्हणजे" आणि "अ‍ॅक्च्युअली" शक्य तेवढे काढलेत. काही राहिलेत, चालवून घ्या.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवला होता, आणि मी तो मुद्दाम टाळत होतो. कारण त्यात माझे २६,५०० रुपये गेलेत आणि थोडी लाजही गेलीय. विषय आहे, भाड्याच्या घरात काही बिघडलं तर ते नीट कोणी करायचं? घरमालकाने की भाडेकरूने?

आधीच सांगतो, मी वकील नाही. बीटेक केलंय, कोड लिहितो, आणि गेली सहा वर्षं पुण्यात भाड्याने राहतोय. तीन घरं झाली. आजची गोष्ट दुसऱ्या घराची आहे.

खालच्या काकूंची बेल

टू बीएचके, मी आणि माझा रूममेट. भाडं २२ हजार, डिपॉझिट ७० हजार. मालक बेंगळुरूला. आम्ही त्यांना काका म्हणायचो. माणूस चांगला, भाडं वेळेवर गेलं की वर्षभर फोनसुद्धा नाही. आम्हाला वाटायचं, वा, असाच मालक पाहिजे!

एका ऑगस्टमध्ये सकाळी बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू. "अरे, तुमच्या बाथरूममधून आमच्याकडे पाणी येतंय. जरा बघतोस का?" खाली जाऊन पाहिलं तर त्यांच्या बेडरूमच्या छताला मोठा ओला डाग, भिंतीचे पोपडे निघालेले, आणि त्याच खोलीत त्यांचे मिस्टर ऑपरेशन होऊन झोपून होते.

मी काकांना फोन लावला. ते म्हणाले, "बाथरूम तुम्ही वापरता, तुम्हीच प्लंबर बोलवा." मी म्हटलं, "काका, घर तुमचं आहे, फरशी फोडायची तर खर्च तुमचा." ते म्हणाले, "बघतो." मीही म्हटलं, बघू. ते "बघतो" सहा आठवडे चाललं.

सातव्या आठवड्यात ओल काकूंच्या स्विचबोर्डपर्यंत पोचली. रात्री बोर्डातून ठिणगी आली आणि त्यांच्या घरातली लाइट गेली. एमसीबी पडला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, काम झालं १५ हजारांत. पुढे घर सोडताना डिपॉझिटमधून कापले गेले बाथरूमचे १५ हजार, गीझरचे साडेचार हजार आणि रंगाचे सात हजार. एकूण २६,५००. मी भांडलो. पण भांडायला हातात कागदच नव्हता.

आता लाजेची गोष्ट. काकू यायच्या चार-पाच महिने आधीपासून बाथरूमची एक टाइल पोकळ वाजत होती, आणि भिंतीचा खालचा भाग सतत दमट असायचा. मला दिसत होतं. मी कोणालाच सांगितलं नाही. "आपलं घर थोडंच आहे," असं म्हणून सोडून दिलं.

तर आजच्या भागात मला एकच गोष्ट सांगायचीय. भाड्याच्या घरात बिघाड दिसतो भाडेकरूला, आणि तो दुरुस्त करायचा अधिकार असतो मालकाकडे. मी मालकाची टाइल फोडू शकत नाही. मालकाला बेंगळुरूतून पुण्यातली ओल दिसत नाही. म्हणून भाडेकरूचं पहिलं काम वेळेत कळवणं आणि मालकाचं पहिलं काम वेळेत उत्तर देणं. पैशाची वाटणी त्यानंतर येते. आम्ही दोघांनी नेमकं उलटं केलं. आधी पैशावर अडून बसलो आणि पाणी खाली गळत राहिलं.

"मेंटेनन्स" म्हणजे नक्की काय?

पहिला घोळ इथेच आहे. आपण "मेंटेनन्स" हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक म्हणजे सोसायटीला दरमहा जाणारी रक्कम: वॉचमन, लिफ्ट, जिन्यातले दिवे, सफाई. दुसरी म्हणजे घरातली डागडुजी. ब्रोकर म्हणतो, "मेंटेनन्स मालकाकडे आहे." आपण समजतो सगळंच मालकाकडे. मालकाच्या मनात फक्त सोसायटीचं बिल असतं. घर बघायला जाल तेव्हा हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा.

जाता जाता अजून एक. सभासद स्वतः राहत नसेल तर सोसायटी त्याच्याकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते. महाराष्ट्रात त्याची मर्यादा सेवाशुल्काच्या १० टक्के आहे. हे सोसायटी आणि तिच्या सभासदातलं, म्हणजे मालकाचं देणं. तुमच्या माथी मारलं जात असेल तर करारात तसं ठरलंय का ते बघा.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात मुख्य कायदा आहे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. त्याचं कलम १४ सांगतं की घर राहण्यायोग्य, चांगल्या स्थितीत ठेवणं ही मालकाची जबाबदारी. मालकाने दुर्लक्ष केलं, तर भाडेकरू किमान १५ दिवसांची नोटीस देऊन नंतर स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा आहे, एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपर्यंत. माझं भाडं २२ हजार, वर्षाचे २ लाख ६४ हजार, म्हणजे ६६ हजारांपर्यंत. हिशेब आणि पावत्या मात्र जपून ठेवायच्या.

ऐकायला भारी वाटतं ना? थांबा. यात दोन अडचणी आहेत.

पहिली, त्याच कलमात लिहिलंय की भाडेकरूने याच्या उलट करार केलेला नसेल तरच हे लागू. म्हणजे "सर्व दुरुस्ती भाडेकरू करेल" अशा ओळीखाली तुम्ही न वाचता सही केली असेल, तर विषय संपला.

दुसरी अडचण जास्त मोठी. आपण बहुतेक जण जो करार करतो तो असतो लिव्ह अँड लायसन्स. त्यात कायद्याच्या भाषेत आपण भाडेकरू नसतोच, परवानाधारक असतो. घर ठरावीक काळ वापरायची परवानगी, बस. कलम १४ मात्र "भाडेकरू" या शब्दावर उभं आहे. त्यामुळे त्याच्या जोरावर थेट भाडं कापायला जाऊ नका, अंगाशी येऊ शकतं. आपल्यासाठी खरा कायदा म्हणजे आपला करारच. त्यात साधारण एवढंच असतं की घर आहे त्या स्थितीत सांभाळायचं, नुकसान केलं तर भरून द्यायचं, नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून. पण "नेहमीची झीज" म्हणजे काय, हे कुठेच लिहिलेलं नसतं. सगळी भांडणं त्या दोन शब्दांत असतात.

आणि करार नोंदणीकृतच पाहिजे. ११ महिन्यांचा असला तरी. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. "नोटरी करून टाकू, कशाला खर्च" असं कोणी म्हटलं तर गोड हसून नाही म्हणा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उपयोगी वाटली. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. हा राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे, तो आपोआप लागू होत नाही. पण त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत दुरुस्तीची सरळ वाटणी दिलीय. मालकाकडे बांधकामाची दुरुस्ती, भिंतींचा रंग, दारं-खिडक्यांचं रंगकाम, गरज पडेल तेव्हा पाइप बदलणं आणि वायरिंग. भाडेकरूकडे नळ आणि त्याचे वायसर, ड्रेनेज साफ करणं, कमोड, बेसिन आणि गीझरची दुरुस्ती, स्विच-सॉकेट, कुलपं, कड्या, खिडकीच्या काचा, जाळ्या. करार करताना ही यादी समोर ठेवली तर चर्चा शून्यापासून सुरू करावी लागत नाही.

यादीत न बसणाऱ्या गोष्टी

कोड लिहिणाऱ्यांना माहितीये, नियम सोपे असतात, एज केसेस जीव खातात. मी आता कुठलाही बिघाड तीन प्रश्नांतून काढतो. वस्तू इमारतीचा भाग आहे की रोज वापरायची? बिघडली वयामुळे की वापरामुळे? आणि बिघाड दिसल्यावर कळवलं कधी?

गीझर घ्या. पुण्यात बऱ्याच सोसायट्यांना बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिळतं. त्यातले क्षार कॉइलवर बसतात, कॉइल जास्त तापते आणि जाते. टाकीच्या आत एक अ‍ॅनोड रॉड असतो. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो. तो संपला आणि बदलला नाही, की गंज टाकीला लागतो. २०२१ च्या यादीप्रमाणे गीझरची दुरुस्ती भाडेकरूची. मान्य. कॉइल बदलणं, सर्व्हिसिंग, रॉड तपासणं आम्ही करू. पण माझ्या घरातला गीझर नऊ वर्षांचा होता आणि त्याची टाकीच फुटली. नवा गीझर मालकाच्याच घरात राहणार, मी तो सोबत नेणार नाही. म्हणून दुरुस्ती भाडेकरूची आणि वय झाल्यावर नवा घेणं मालकाचं, असं मला न्याय्य वाटतं. एसीलाही हेच: सर्व्हिसिंग आपलं, कॉम्प्रेसर मालकाचा. वॉटर प्युरिफायरचा फिल्टर आपला, मशीन मालकाचं.

रंग. दोन वर्षांत भिंत मळली, फिकी पडली, ही झीज. पण मी टीव्हीसाठी चार भोकं पाडली होती आणि डबल टेपने पोस्टर लावून पुट्टी उचकटली होती. ते माझं नुकसान. त्याचे हजार-दीड हजार मी हसत दिले असते. अख्ख्या घराच्या रंगातले सात हजार देणं मात्र जड गेलं.

ड्रेनेज तुंबलं तर आपलं, कारण केस आणि खरकटं आपलंच असतं. पण राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यातच तुंबलं, तर ते आधीच्यांचं आहे, लगेच कळवा. झुरळांचं पेस्ट कंट्रोल आपलं, वाळवी मालकाची.

गळती कुठली, ते आधी ओळखा

हा भाग नीट ऐका, कारण सगळ्यात महागडी भांडणं गळतीवरून होतात. आमच्या प्लंबरदादांनी मला जे शिकवलं ते असं. पाणी कधी गळतं त्यावरून ते कुठून येतंय याचा बराच अंदाज येतो, आणि कुठून येतंय यावरून जबाबदारी कोणाची ते ठरतं.

फक्त पावसातच ओल येते? मग बाहेरची भिंत किंवा गच्ची. ते सोसायटीचं काम. आदर्श उपविधींमध्ये गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप सोसायटीकडे आहेत. मालकाने सेक्रेटरींना लेखी पत्र द्यायचं, कारण सभासद तो आहे. तुमच्या पत्राला तेवढं वजन नसतं.

आंघोळीनंतर किंवा कपडे धुतल्यावरच गळतं? मग नहाणी ट्रॅपचा जोड, टाइल्समधल्या फटी किंवा खालचं वॉटरप्रूफिंग. हे तपासायला ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये थोडं पाणी साठवून ठेवतात, साधारण २४ तास, आणि खाली बघतात. हे बांधकामाचं काम, म्हणजे मालकाचं.

दिवसरात्र, कोणी घरात नसतानाही गळतं? मग भिंतीतला प्रेशरचा पाइप, म्हणजे कन्सील्ड लाइन. आमचं हेच होतं. गीझरला जाणाऱ्या पाइपचा जोड भिंतीत सुटला होता. मालकाचं काम, शंका नाही.

म्हणजे ते १५ हजार माझे नव्हतेच. पण पूर्ण खरं सांगायचं तर, पोकळ टाइल मी मार्चमध्येच कळवली असती तर काकूंचं छत वाचलं असतं. उशिरामुळे जे वाढलं, त्यातला वाटा माझाही होता. आणि सहा आठवडे "बघतो" म्हणणाऱ्या काकांचाही.

जिथे वाद घालत थांबायचंच नाही

दोन गोष्टींत पैसे कोणाचे हा प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारा. एक म्हणजे वीज. भिंतीला, नळाला किंवा गीझरला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर मेन स्विच बंद, इलेक्ट्रिशियनला फोन. अर्थिंग आणि वायरिंग मालकाचं. बोर्डात आरसीसीबी असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघणं आपलं. दाबल्यावर पडला नाही तर तो बिघडलाय, लगेच कळवा.

दुसरं, गॅस गीझर. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस आत बेशुद्ध पडून जातो. घर बघायला जाल तेव्हा गॅस गीझर हवेशीर जागी, शक्यतो बाथरूमच्या बाहेर आहे का ते बघा. नसेल तर तो हलवून द्या असं सांगा, आणि तोपर्यंत वापरू नका. भाडं हजाराने कमी आहे म्हणून हे सोडू नका, प्लीज.

आता बाबांची बाजू

मी डिपॉझिट गेल्याचं घरी रागारागात सांगितलं तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, "अरे, मीही घरमालकच आहे." नाशिकला आमचा एक छोटा फ्लॅट आहे, तो भाड्याने दिलेला असतो. मागच्या भाडेकरूंनी तो सोडला तेव्हा किचनच्या सिंकखालचं सगळं प्लायवूड कुजलेलं निघालं. सिंकच्या पाइपाचा जोड कित्येक महिने ठिबकत होता. त्यांनी खाली बादली ठेवली होती. बादली!

बाबा म्हणाले, "मला एक फोन केला असता तर पाचशे रुपयांत काम झालं असतं. आता कपाट नवीन करावं लागलं."

मी विचारलं, "त्यांनी फोन का केला नसेल?"

बाबा जरा थांबले. मग म्हणाले, "पहिल्या वर्षी पंख्यासाठी फोन केला होता. तेव्हा मी म्हटलं होतं, एवढ्या तेवढ्यासाठी फोन करू नका."

घ्या. कळवणारा गप्प का बसतो, याचं उत्तर मला घरातच मिळालं. मालकाने एकदा झटकलं की भाडेकरू बादली ठेवायला शिकतो.

मी आता काय करतो

तिसऱ्या घराचा करार करताना एजंटला सांगून जादा अटींमध्ये चार ओळी टाकून घेतल्या. तुम्ही उचलू शकता:

१. बिघाड दिसल्यापासून ३ दिवसांत भाडेकरू मालकाला फोटोसह कळवेल. मालक ७ दिवसांत दुरुस्ती सुरू करेल किंवा करायची परवानगी देईल.

२. एका वेळी १,००० रुपयांपर्यंतची किरकोळ दुरुस्ती भाडेकरू स्वखर्चाने करेल. त्यावरची दुरुस्ती वयामुळे किंवा झिजेमुळे असेल तर मालकाची, गैरवापरामुळे असेल तर भाडेकरूची.

३. पाणीगळती, वीज किंवा गॅसचा धोका असेल आणि मालकाशी २४ तासांत संपर्क झाला नाही, तर भाडेकरू ५,००० रुपयांपर्यंत तातडीचं काम करून घेईल. पावती दिल्यावर ती रक्कम पुढच्या भाड्यातून वजा होईल.

४. डिपॉझिटमधून कपात करायची तर तिचं बिल आणि फोटो द्यावे लागतील. दोन वर्षांच्या वापराने फिका पडलेला रंग ही नेहमीची झीज समजली जाईल.

आकडे तुमच्या भाड्याप्रमाणे बदला. नव्या मालकीणबाई आधी जरा साशंक होत्या. पण पहिली ओळ वाचून म्हणाल्या, "हे बरंय, म्हणजे तुम्ही मला सांगणार तरी." त्यांनाही बादलीवाल्यांचा अनुभव असावा.

दुसरं, चावी मिळाली त्या दिवशी सामान आत न्यायच्या आधी पूर्ण घराचा व्हिडिओ काढला. प्रत्येक नळ उघडून, प्रत्येक फ्लश दाबून, सिंकखाली टॉर्च मारून. तोच मालकीणबाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सोडतानाही असाच काढायचा.

तिसरं, फोनवर बोललो तरी नंतर एक मेसेज टाकतो: "आत्ता बोलल्याप्रमाणे, बाथरूमच्या भिंतीला ओल आहे, फोटो पाठवतोय." आमच्या भाषेत याला लॉग म्हणतात. लॉग नसेल तर बग नव्हताच असं समोरचा म्हणू शकतो.

गेल्या पावसाळ्यात याची परीक्षा झाली. बाल्कनीच्या भिंतीला ओल आली, त्याच दिवशी फोटो गेला. पावसातच येते म्हणून मालकीणबाईंनी सोसायटीला पत्र दिलं आणि दिवाळीच्या आत बाहेरून काम झालं. माझा खर्च शून्य, त्यांचाही शून्य.

आणि जुन्या सोसायटीतल्या काकूंकडे मी घर सोडताना जाऊन आलो. सॉरी म्हटलं. छताचा डाग रंगाखाली गेला होता, पण कडा दिसत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचं दोघांचं भांडण, आमचं छत." चहा दिला, त्यामुळे अजूनच वाईट वाटलं.

तर मंडळी, आजचा गृहपाठ. तुमचा करार शोधा आणि "झीज" किंवा "दुरुस्ती" हे शब्द कुठे आहेत ते बघा. मग सिंकखाली एकदा टॉर्च मारा. काही ठिबकत असेल तर बादली नको, मेसेज टाका. आणि तुम्ही घरमालक असाल तर आलेल्या मेसेजला त्याच दिवशी उत्तर द्या, निदान "उद्या माणूस पाठवतो" एवढं तरी.

तुमचे डिपॉझिटचे किस्से पाठवा, दोन्ही बाजूंचे. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!